आठवड्यातून दोनदाच गोश्त आणा

अस्सलामु अलैकुम आपा,

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं, सासर सोलापूरचं. लग्नानंतर आम्ही पुण्यात कोंढव्यात राहतो. मी आणि माझे मिस्टर, दोघंही नोकरी करतो. घरात सासूबाई आणि दोन मुलं. मोठा सात वर्षांचा, धाकटी चारची. सासरी गोश्त नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. मटण आठशे रुपये किलोच्या घरात गेलंय, म्हणून आठवड्यातले पाच दिवस चिकनच होतं. मुलं कंटाळली, मीही कंटाळले. सासूबाईंना साखर आणि बीपी दोन्ही आहे. त्यात मी तिसऱ्या (शिंपल्या), कोळंबी खात वाढलेली. सासरची माणसं हनफी पंथाची, सासूबाई म्हणतात तिसऱ्या आपल्याला जायज नाहीत. घाई असली की अ‍ॅपवरून चिकन मागवते आणि जेवताना मनात येतं, हे नक्की हलाल असेल ना? मसाले, केक, मुलांची जेली, दुकानात प्रत्येक पाकीट उलटंसुलटं करून वाचते. संध्याकाळी साडेसहाला घरी पोचते तेव्हा ‘आज सालन काय?’ हा प्रश्न दारातच उभा असतो. रोजचं जेवण हलाल, चांगलं आणि परवडेल असं आखायचं तरी कसं?

– एक वाचक, कोंढवा

वालेकुम अस्सलाम.

तुझ्या पत्रात दोन काळज्या एकमेकींत गुंतल्या आहेत. ताटातलं हलाल आहे ना, ही एक. रोज शिजवायचं काय, ही दुसरी. दोन्ही संध्याकाळी साडेसहाला एकदम समोर येतात, म्हणून तू इतकी दमतेस. पहिली काळजी आठवड्यातून एकदाच करायची, तीही बाजाराच्या दिवशी. मग रोज संध्याकाळी फक्त स्वयंपाक उरतो, आणि तो तुला येतोच.

आधी घरातल्या डब्यांकडे बघ. तांदूळ, ज्वारी, तूरडाळ, हरभराडाळ, मसूर, मूग, भाज्या, चिंच, खोबरं, दूध, दही, अंडी. यातल्या कशाबद्दलही शंका घ्यायचं कारण नाही. मासळीला तर जबह, म्हणजे अल्लाहचं नाव घेऊन कापणं, हेही लागत नाही. कुरआनातल्या सुरे बकरा आणि सुरे माइदा या अध्यायांत खाण्याच्या ज्या गोष्टींची मनाई आली आहे त्या मोजक्या आहेत: मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस, अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेलं. शराबेची मनाई माइदातच पुढे येते. म्हणजे रोजच्या घरात प्रश्न येतो तो दोनच ठिकाणी, गोश्त आणि काही पाकिटं. बाकी घरभर शंका पसरू देऊ नकोस.

गोश्तासाठी एक कसाई ठरव आणि त्याच्याकडेच जात राहा. कोंढव्यात किंवा कॅम्पात शिवाजी मार्केटच्या आसपास तुला माणूस शोधावा लागणार नाही. पहिल्या वेळी सरळ विचारून घ्यायचं: जनावर जिवंत असताना जबह कोण करतं, बिस्मिल्लाह अल्लाहु अकबर म्हटलं जातं ना, रक्त पूर्ण निथळू देतात ना. चांगला कसाई याचा राग मानत नाही. उत्तर पटलं की मग दर खेपेला तीच चौकशी नको. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेली एक रिवायत सही बुखारी या हदीससंग्रहात आहे. काही नवमुस्लिम लोक गोश्त आणून देतात, त्यावर अल्लाहचं नाव घेतलंय की नाही आम्हांला माहीत नाही, असं विचारल्यावर हुजूरांनी (पैगंबरांनी) सांगितलं की तुम्ही स्वतः अल्लाहचं नाव घ्या आणि खा. मुसलमान कसायाच्या दुकानातून आणलेल्या गोश्तावर रोज रात्री शंका घेत बसणं दीनाने तुझ्यावर लादलेलं नाही.

अ‍ॅपवरच्या चिकनचं वेगळं आहे, कारण तिथे विचारायला समोर माणूस नसतो. नुसतं ‘हलाल’ छापलेलं पुरेसं समजू नकोस. प्रमाणपत्र कुणाचं आहे ते बघ. आपल्याकडे ही प्रमाणपत्रं खासगी संस्था देतात; जमियत उलमा-ए-हिंद हलाल ट्रस्ट आणि हलाल इंडिया ही त्यांतली ओळखीची नावं. पाकिटावरचा एफएसएसएआयचा लायसन्स नंबर अन्नाच्या सुरक्षिततेचा असतो, जबह कसं झालं ते त्यावरून कळत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला एकदा लिहून विचार. उत्तर गोलमोल आलं तर ते अ‍ॅप बंद कर आणि विषय संपव. घाईच्या दिवसासाठी फ्रीजरमध्ये खिमा किंवा घरात अंडी असली की अ‍ॅपची गरजही फारशी पडत नाही.

आता आठवड्यातून दोनदाच गोश्त आणायचं म्हणजे काय? एकदा अर्धा किलो मटण, हाडांसकट. एकदा एक कोंबडी आणि पावशेर खिमा. पाच माणसांच्या, त्यातही दोन लहान मुलांच्या घराला आठवडाभर एवढं पुरतं, अट एवढीच की गोश्त एकट्याने ताट भरणार नाही. खिमा नेहमी डोळ्यांसमोर तुकडे निवडून करून घे, तयार ढिगातला उचलू नकोस. त्यात चरबी आणि कातरण किती गेलं ते तुला कळत नाही, आणि सासूबाईंना तेच नको आहे. पैशाची ओढ असेल आणि घरात चालत असेल तर बड्याचा खिमा हा पर्याय आहेच. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा कायद्याने मिळतं ते म्हशीचंच. ते ओळखीच्या, परवान्याच्या दुकानातून घे.

घरी आणल्यावरची एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण यात बायकांचा तासभर वेळ आणि बादलीभर पाणी जातं. पुष्कळ घरांत गोश्त पाच-सात पाण्यांतून काढतात, पाण्याचा लालसरपणा जाईपर्यंत. हराम आहे ते जबहच्या वेळी वाहून जाणारं रक्त. जबहनंतर मांसात आणि बारीक नसांत जी लाली राहते तिला माफी आहे, त्याने गोश्त नापाक होत नाही. एका खोल पातेल्यात पाणी घेऊन एकदा, फार तर दोनदा धुवायचं आणि चाळणीत निथळायचं. वाहत्या नळाखाली कोंबडी धरू नकोस. शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात आणि कच्च्या कोंबडीतले जंतू तिथे जाऊन बसतात. हनफी घरात गुदूद, म्हणजे गाठी, काढून टाकतात. ते कसायालाच सांग, तो सुरीच्या दोन हातांत करतो.

निथळलेलं गोश्त अडीचशे-अडीचशे ग्रॅमच्या पिशव्यांत भर, पिशवी हाताने चपटी कर आणि वर तारीख लिही. चपटी पिशवी लवकर गोठते आणि लवकर सुटते. कच्चं चिकन आणि खिमा फ्रिजच्या खालच्या भागात एक-दोन दिवसच ठेवायचे, मटणाचे तुकडे तीन दिवस. त्यापुढचं सगळं फ्रीजरमध्ये. सकाळी कामाला निघताना पिशवी फ्रीजरमधून काढून खाली एका थाळीत ठेव. संध्याकाळी ती तयार असते. दिवसभर ओट्यावर ठेवून सोडवायची नाही, आणि एकदा सुटलेलं कच्चं गोश्त परत गोठवायचं नाही.

आता खरा मुद्दा. तुझ्या सासरची माणसं दख्खनची. दख्खनी स्वयंपाकात गोश्त एकटं फार कमी वेळा येतं. दुधी-गोश्त, अंबाडी-गोश्त, चुका-गोश्त, शेवग्याच्या शेंगा घातलेलं गोश्त, मेथी-खिमा, पालक-खिमा, आणि सगळ्यांत मोठा आधार म्हणजे दालचा. आजच्या घरांत हे पदार्थ दावतीपुरते किंवा आजीपुरते राहिले आणि रोजच्याला चिकन मसाला आला. तुला जी आखणी हवी आहे ती तुझ्या सासूबाईंच्या लहानपणच्या चुलीवर आधीच झालेली आहे. त्यांना विचार, त्यांच्या अम्मी पावशेर गोश्तात किती माणसं जेवू घालत. तुझ्याकडे डायरी असेल तर लिहून घे.

दालचा मी असा करते. पावशेर हाडांचं मटण, आलं-लसूण, हळद आणि थोडं मीठ लावून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. मटण जून असेल तर आणखी दोन. दुसऱ्या भांड्यात एक मोठी वाटी हरभराडाळ, तासभर भिजवलेली, हळद घालून मऊ शिजवायची आणि रवीने अर्धवट घोटायची. काही दाणे अख्खे राहिलेले चांगले लागतात. पातेल्यात दोन चमचे तेलावर कांदा लाल करायचा, तिखट, धणेपूड, थोडा गरम मसाला, मग मटण त्याच्या पाण्यासकट. अर्धा किलो दुधीच्या जाड फोडी घालायच्या. दुधी पारदर्शक झाला की घोटलेली डाळ, आणि सगळ्यांत शेवटी लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ. चिंच आधी घातली तर आंबटपणाने डाळ आणि दुधी, दोन्ही शिजायला अडतात, म्हणून ती शेवटीच. दहा मिनिटं मंद आचेवर उकळी, वर जिरं, कढीपत्ता, सुकी मिरची आणि ठेचलेल्या लसणीची फोडणी. पाच माणसं जेवून सासूबाईंच्या दुसऱ्या दिवशीच्या दुपारपुरता उरतो, आणि उरलेला जास्त चांगला लागतो.

यात प्रत्येकाच्या ताटात गोश्ताचे दोन-तीन तुकडे आणि एक हाड येतं, पण पोट भरतं ते डाळीने आणि दुधीने. प्रथिनं कमी पडतील ही भीती नको. कच्च्या शंभर ग्रॅम डाळीत वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, मटणातही साधारण तेवढीच. फरक किमतीचा आहे, आणि डाळीत जो चोथा आहे तो मटणात नाही. साखरेच्या माणसाला तो हवाच.

खिम्याचंही तसंच. पावशेर खिम्यात एक वाटी शिजवलेला अख्खा मसूर घातला तर मुलांना फरकही कळत नाही. मेथीची जुडी खिम्यात मुरते तशी दुसरी कुठली भाजी मुरत नाही. हिवाळ्यात मटार. खिम्यात बटाटा मात्र सासूबाईंसाठी कमी कर, त्याऐवजी सिमला मिरची किंवा गवार चालते.

आठवडा डोळ्यांसमोर आणायचा तर मी असा आणते. रविवारी वेळ असतो, मटण रविवारीच येतं. त्या दिवशी अर्ध्याचं शेवगा किंवा दुधी घालून पातळ सालन आणि ज्वारीची भाकरी. सोमवारी खट्टी दाल, भात, एक सुकी भाजी आणि ज्याला हवं त्याला अंड्याचं ऑम्लेट. गोश्त नाही म्हणून कुणी कुरकुरू नये यासाठी सोमवार बरा, रविवारचं अजून अंगावर असतं. मंगळवारी राहिलेल्या पावशेराचा दालचा. बुधवारी मासळी, त्याबद्दल खाली लिहिते. गुरुवार कडधान्याचा, मुगाची किंवा मसुराची उसळ, आणि तुझ्या माहेरचं नारळाचं वाटण त्यात बिनधास्त घाल; सासरी ते परकं वाटेल असं समजू नकोस, बुधवारच्या मासळीनंतर जिभेला सवय झालेली असते. जुम्याला काहीतरी खास हवं, घराला ती ओढ असते आणि ती जपावी. दुसरी खरेदी गुरुवारी संध्याकाळी करायची आणि जुम्याला चिकन यखनी पुलाव. बिर्याणीपेक्षा तेल कमी, एका भांड्यात होतो, सोबत काकडीचं दही. शनिवारी सकाळी खिचडी, खिमा, चिंचेचा खट्टा, आणि रात्री जे उरलं असेल ते. शनिवारी रात्री नवीन काही शिजवू नकोस.

म्हणजे सातपैकी चार दिवस ताटात गोश्त आहे, एक दिवस मासळी आहे, आणि बाजारातून मात्र ते दोनदाच आलं. चिकन आठवड्यातून एकदा आलं की मुलं त्याची वाटही बघतील.

संध्याकाळी साडेसहाचं ओझं आणखी हलकं होतं ते दोन बरण्यांनी. एक आलं-लसणाची, थोडं मीठ आणि तेल घालून वाटलेली. आठवडा काढते, पण फ्रिजमध्येच ठेवायची. दुसरी तळलेल्या कांद्याची, बिरिस्त्याची. रविवारी किलोभर कांदा पातळ चिरून एकदाच तळला की रोजचा कांदा लाल करण्यात जाणारी वीस मिनिटं वाचतात. सासूबाईंच्या सालनात तो चिमटीनेच घालायचा, तेल पितो. चिंचेचा कोळही बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येतो. याखेरीज फारशी तयारी करू नकोस. सुट्टीचा दिवस सगळा डबे भरण्यात गेला तर ती सुट्टी राहत नाही.

आता बुधवार. सागरी जिवांबद्दल तुझ्या आणि सासूबाईंच्या म्हणण्यात कुणी चूक नाही. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, आणि त्या मजहबात (पंथात) समुद्रातल्या जिवांची मुभा मोठी आहे. हनफी मजहबात पाण्यातली मासळी तेवढी जायज, तिसऱ्या-कालवं नाहीत. कोळंबीवर हनफी उलमांतच दोन मतं आहेत. काही ती मासळीत धरतात आणि खातात, काही टाळतात. मी फतवा देणारी नव्हे, तुमच्या घराचा निर्णय तुमच्या आलिमांना विचारूनच करा. स्वयंपाकापुरतं सांगते: बुधवारी सगळ्यांना चालेल ते आण. बांगडा, सुरमई, रावस, मांदेली, बोंबील यांवर कुणाचाच वाद नाही. पुण्यात गणेश पेठेच्या मासळी बाजारात हे सगळं मिळतं. बांगडा स्वस्त पडतो आणि साखर-बीपीच्या माणसाला चांगला. तळण्याऐवजी कोकम, नारळ, त्रिफळं घालून त्याचं सालन कर. सोलापूरच्या माणसाला त्रिफळाचा वास नवीन असतो, पहिल्या वेळी दोनच दाणे टाक.

आणि तिसऱ्या सोडून देऊ नकोस. लग्न झालं म्हणून माणसाची लहानपणापासूनची चव नाहीशी होत नाही, आणि तुझा मजहब तुला ती खाऊ देतो. महिन्यातून एखाद्या शनिवारी वेगळ्या पातेल्यात तुझ्यापुरत्या, मुलांनी मागितल्या तर त्यांना द्यायच्या का ते नवऱ्याशी आधी बोलून, आणि त्या दिवशी सासूबाईंचं सालन त्यांच्या आवडीचं. त्यांना आधी सांगून कर. लपवून केलेल्या जेवणाने घरात जेवढं कडू होतं तेवढं तिसऱ्यांनी होणार नाही.

पाकिटांचं सांगते, आणि इथे तुझं काम तुला वाटतं त्याहून बरंच सोपं आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकीटबंद पदार्थावर शाकाहार-मांसाहाराचं चिन्ह सक्तीचं आहे. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका असेल तर त्यात जिलेटिन, जनावराची चरबी, हाडांपासूनचं काही नसतं. दूध आणि मध चालतं. म्हणजे मसाले, बिस्किटं, चीज, नूडल्स, आइस्क्रीम यांतली बहुतेक शंका त्या एका ठिपक्याने मिटते. इमल्सिफायर ४७१ किंवा चव वाढवणारं ६३१ असे आकडे बघून तू घाबरत असशील. ते जनावरापासूनही बनू शकतात आणि वनस्पतीपासूनही, पण हिरवा ठिपका असेल तर ते जनावराचे नाहीत. तपकिरी त्रिकोण असेल तर मात्र थांबायचं आणि घटक वाचायचे. त्रिकोण नुसत्या अंड्याचाही असू शकतो, केकवर बहुधा त्यामुळेच असतो. जेली, मार्शमेलो, परदेशी गमीज यांवर तो जिलेटिनमुळे येतो, आणि ते कुठल्या जनावराचं हे लिहिलेलं नसेल तर परत ठेवून दे. १२० हा आकडा किड्यापासूनच्या लाल रंगाचा. तोही टाळ.

ठिपका एक गोष्ट सांगत नाही, ती म्हणजे अल्कोहोल. हिरव्या ठिपक्याच्या इसेन्समध्येही ते असू शकतं. व्हॅनिला इसेन्सची बाटली एकदा वाचून अल्कोहोल नसलेली कंपनी ठरव आणि तीच आणत राहा. बेकरीतल्या प्लम केकबद्दल आणि आत पातळ सारण भरलेल्या परदेशी चॉकलेटांबद्दल विचारून घ्यायचं. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या पाकिटांवर आपला ठिपका नसतो, ती वाचावीच लागतात. हे सगळं एका कागदावर लिही, कुठल्या कंपनीचं काय चालतं, आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटव. कंपन्या घटक बदलतात, तेव्हा वर्षातून एखाददोनदा ताडून बघायचं. रोज नाही.

मुलांची जेली घरीच होते. चायना ग्रास समुद्री शेवाळापासून बनतो, त्यात जनावराचं काही नाही. अर्ध्या लिटर दुधाला पाच ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात भिजवून मंद आचेवर पूर्ण विरघळवायचा, मग साखर घातलेल्या गरम दुधात गाळून ओतायचा. विरघळला नाही तर जेलीत दोरे लागतात. तो फ्रिजशिवायही जमतो, त्यामुळे शाळेच्या डब्यात वितळत नाही. आमरसाच्या दिवसांत त्यात आंबा घाल.

सासूबाईंच्या ताटाबद्दल चार गोष्टी. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नकोस, सगळ्यांच्याच सालनात मीठ कमी कर आणि ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. दिवसभरात एका माणसाच्या पोटात पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ जावं, आणि त्यात लोणचं, पापड, सुकी मासळीही मोजायची. सुका बोंबील आणि जवळा तुझ्या माहेराहून येत असेल. त्यांना तो क्वचितच, आणि आधी भिजवून पाणी काढून. कमी सोडियमचं मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस, त्यात पोटॅशियम असतं आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर, किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर, ते धोक्याचं ठरतं. भाकरी ज्वारीची असली तरी मोजून वाढायची, ज्वारीनेही साखर वाढते. ताटात आधी दालचा आणि भाजी, मग भाकरी. पाया आणि नल्लीचा त्यांना शौक असेल तर रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेव, सकाळी वर जमलेला चरबीचा थर काढून टाक आणि मग गरम कर. चव जात नाही. रमजानच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. रोजे धरायचे का आणि गोळ्या-इन्सुलिन कधी, हे सेहरीच्या वेळी घरात ठरवायची गोष्ट नाही.

राहिलं एक. तुझ्या पूर्ण पत्रात मिस्टरांचा उल्लेख एकदाच आला, तोही नोकरी करतात म्हणून. गोश्त हवं म्हणणारं घर आणि हलालची काळजी वाहणारी एकटी तू, हे बरोबर नाही. कसायाकडे जाणं, खिमा समोर करून घेणं, गुदूद काढायला सांगणं, ही खरेदी त्यांच्याकडे दे. रविवारी फजरनंतर दुकानं उघडली की निघायचं, गर्दी नसते. जाताना मुलाला बरोबर न्यावं. सात वर्षांचा झालाय, काय विचारायचं आणि काय बघायचं ते त्याने बापाकडून शिकावं. परत आल्यावर पिशव्या भरून तारखा लिहिण्याचं काम त्या दोघांचंच. या रविवारपासून सुरू करा. पहिल्या खेपेला यादीत एवढंच लिही: अर्धा किलो मटण हाडांसकट, एक दुधी, शेवग्याच्या शेंगा, चिंच.